आपल्या जिल्ह्यात आदिवासी आहेत का? पारधी पिढी आणि सरकारी आरोग्य योजनांचा हिशोब

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा आला तर ऐका.)

 

मागच्या भागात आपण मेळघाटातल्या कुपोषणावर बोललो होतो. त्यावर परंड्याहून एका श्रोत्याचा मेसेज आला. त्याने लिहिलं होतं, "ताई, ऐकून वाईट वाटलं. बरं झालं आपल्या धाराशिवमध्ये आदिवासी नाहीत, निदान हा एक प्रश्न तरी आपल्याकडे नाही."

या मित्राला मी दोष देत नाही. आदिवासी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सातपुडा येतो, गडचिरोलीचं जंगल येतं. आपल्याकडे जंगल कुठंय? आपल्याकडे बालाघाटाचे उघडे डोंगर, सोयाबीन, ऊस आणि टँकर. पण आजचा भाग या मेसेजवरच करायचं ठरवलं. कारण "आपल्याकडे नाहीत" असं फक्त आपल्यालाच वाटतं असं नाही. सरकारी योजना ज्या पद्धतीने आखल्या जातात, त्या पद्धतीलाही बरीच वर्षं तसंच वाटत आलंय.

आधी आकडा सांगते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या होती १६ लाख ५७ हजार. त्यात अनुसूचित जमातीचे लोक साधारण २ टक्के, म्हणजे पस्तीस हजारांच्या आसपास. परंड्यासारखं एखादं तालुक्याचं शहर घ्या, त्याहून हे जास्त लोक आहेत. फक्त ते एका जागी नाहीत.

त्यात वेगवेगळ्या जमाती येतात, पण गावागावांत दिसणारा समाज म्हणजे पारधी. कळंब, वाशी, तुळजापूर, कुठल्याही तालुक्यात जा, "पारधी पिढी" हा शब्द तुम्ही ऐकलेला असणार. गावाच्या कडेला, माळावर किंवा गायरानात दहा-वीस घरांची वस्ती. बसमधून जाताना दिसते, पण आपण तिथे उतरत नाही. इथे एक गल्लत दूर करू या. तांडा म्हणजे बंजारा समाजाची वस्ती, आणि महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत मोडतात. पारधी, फासेपारधी हे मात्र राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. म्हणजे कायद्याच्या भाषेत आदिवासीच. गोंड जसे, भिल्ल जसे, तसेच.

आता प्रश्न असा, की आदिवासींच्या आरोग्यासाठी सरकार जे करतं, त्यातलं या पिढीपर्यंत काय येतं?

हे कळायला थोडं मागे जावं लागेल. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. त्यानंतर १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. पावसाळ्यात जिथे रस्ते तुटतात तिथे डॉक्टरांची फिरती पथकं, पाड्यावर तिथलाच एक स्वयंसेवक, गरोदर बाईला मातृत्व अनुदान. पुढे २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं ताजं पोटभर जेवण: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, सोबत अंडं किंवा केळी. पाकिटातला कोरडा आहार घरी नेला की तो सगळ्या घरात वाटला जातो. बाई समोर बसून जेवली तर तिच्या पोटात जातं. साधा विचार आहे, आणि चांगला आहे.

दवाखान्यांचे नियमही आदिवासी भागासाठी वेगळे आहेत. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० मागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र एरवी ३०,००० लोकांमागे, आदिवासी भागात २०,००० मागे.

माझ्या बोलण्यात एक शब्द सारखा येतोय बघा: भाग. आदिवासी "भाग". संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली काही प्रदेश अनुसूचित क्षेत्र म्हणून जाहीर झालेत. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत असं क्षेत्र आहे. पालघर, नाशिक, नंदुरबार, धुळे, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली वगैरे. मराठवाड्यातून फक्त नांदेड, तेही किनवटकडचा भाग. धाराशिवचं एक गावही त्यात नाही. त्यामुळे अमृत आहार धाराशिवला नाही, ३,००० चं उपकेंद्रही नाही. आदिवासी विकास विभागाचं आपल्या जिल्ह्याचं काम चालतं सोलापूरच्या प्रकल्प कार्यालयातून.

नंदुरबारच्या पाड्यावर एक आदिवासी बाई गरोदर आहे, आणि कळंब तालुक्यातल्या पारधी पिढीवर एक आदिवासी बाई गरोदर आहे. दोघींची जमात एकाच सरकारी यादीत. पण एकीला अंगणवाडीत ताट मिळतं, दुसरीला नाही. कारण योजना बाई बघत नाही, नकाशा बघते.

तुम्ही म्हणाल, नियम कुठेतरी आखावाच लागतो, बहुतेक आदिवासी तिकडेच तर राहतात. तर ऐका. केंद्र सरकारने २०१३ मध्ये आदिवासी आरोग्यावर एक तज्ज्ञ समिती नेमली. अध्यक्ष होते गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय बंग. २०१८ मध्ये अहवाल आला. देशात १० कोटींहून जास्त आदिवासी. निम्म्याहून जास्त लोकसंख्या आदिवासींची आहे असे गट, म्हणजे ब्लॉक, देशभरात ८०९. आणि त्या ८०९ ब्लॉकमध्ये राहतात एकूण आदिवासींपैकी साधारण ४५ टक्के. उरलेले ५५ टक्के बाहेर आहेत! म्हणजे आपल्या पिढीसारखे, दुसऱ्यांच्या गावांत थोडे थोडे विखुरलेले आदिवासी अपवाद नाहीत. बहुसंख्य तेच आहेत.

आणि फरक किती पडतो? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात दर हजार जन्मांमागे पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं होती ४२. अनुसूचित जमातींमध्ये ५०. हजारामागे आठ जास्त. ऐकायला छोटा आकडा आहे, पण प्रत्येक आकड्यामागे एका घरातला पाळणा आहे.

आता पिढीचा हिशोब मांडू. वीस घरं, म्हणजे साधारण शंभर माणसं. आशा असते हजार लोकांमागे एक. उपकेंद्र पाच हजारांमागे, आरोग्य केंद्र तीस हजारांमागे. या गणितात शंभर माणसं म्हणजे आशाताईच्या वहीचं शेवटचं पान. ते पान भरलं नाही तरी वरच्या टक्केवारीवर फारसा परिणाम होत नाही.

याचं आणखी एक उदाहरण. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले मागे पडलेले जिल्हे निवडले, आकांक्षित जिल्हे. महाराष्ट्रातून चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपला, तेव्हाचा उस्मानाबाद. यात आरोग्य आणि पोषणाला ३० टक्के वजन आहे, दर महिन्याला आकडे भरले जातात, जिल्ह्यांची क्रमवारी लागते. यामुळे यंत्रणा हलते यात वाद नाही. पण मोजमाप जिल्ह्याच्या सरासरीचं आहे. समजा, एखाद्या जिल्ह्यात ९८ टक्के मुलांचं लसीकरण झालं. टाळ्या वाजतील, आणि वाजायलाही हव्यात. पण राहिलेली २ टक्के मुलं कुठली? ती सगळीकडे विखुरलेली असतील तर ठीक, पुढच्या महिन्यात सापडतील. पण ती सगळी पिढ्यांवरचीच असली, तर एका समाजाची लस जवळपास चुकली. दोन्ही वेळा कागदावर ९८ टक्केच दिसेल.

बरं, पिढी काही डोंगरापलीकडे नाही. गावापासून किलोमीटरभर. उपकेंद्र जवळ, डांबरी रस्ता, मोबाइलला रेंज. मग अडतं कुठे?

दोन ठिकाणी अडतं. एक भीती, दुसरं कागद.

भीतीचं मूळ जुनं आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. माणूस जन्मला की गुन्हेगार, अशा समजुतीवर उभा असलेला कायदा. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, पण शेजारच्या सोलापुरात इंग्रजांनी तारेच्या कुंपणाची वसाहत उभी केली होती, सेटलमेंट म्हणायचे. आत-बाहेर करायला हजेरी. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. कायदा गेला, संशय राहिला. गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठे जाते हे मी सांगायला नको. त्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. प्राण्यांसाठी ते गरजेचं होतं, पण ज्यांचं पोट तितर-लाव्ह्यांच्या फाशांवर चालत होतं त्यांना दुसरा धंदा कुणी शिकवला नाही.

आता अशा वस्तीत पांढरी सरकारी जीप शिरली, हातात वही घेतलेली माणसं उतरली आणि नाव-गाव-वय विचारू लागली, तर काय होईल? माणसं पांगतात. आणि मग अहवालात लिहिलं जातं, "लाभार्थी अनुपलब्ध".

आपल्याच जिल्ह्यातल्या एका आशाताईंशी मी यावर बोलले. नाव सांगणार नाही, त्यांना पुढेही तिथेच काम करायचंय. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "आधी बसायचं, च्या प्यायचा, मग वही काढायची." सुरुवातीचे दोन महिने त्यांनी वही काढलीच नाही. नुसत्या जायच्या, लेकरांशी बोलायच्या. मग एके दिवशी एका आजीनेच सुनेला पुढे केलं, "हिला बघ गं, हिला चक्कर येती." मी विचारलं, हे दोन महिने तुमच्या कामात धरले गेले का? त्या हसल्या. आशाताईंना मोबदला ठरलेल्या कामांवर मिळतो, त्यात चहा प्यायचा रकाना नाही.

आता कागद. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला हवा असेल तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, आपलं कुटुंब इथलंच असल्याचा पुरावा लागतो. वडिलांचा, आजोबांचा, कुणाचा तरी. आता सांगा, १९५० मध्ये जो समाज पालं टाकून फिरत होता, त्याच्या आजोबांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? सातबारा कुठून आणायचा? पुरावा त्याच जमान्याचा मागितला जातो ज्या जमान्यात त्यांना कुणी शाळेत घेत नव्हतं.

दाखला नाही म्हणून माणसं तालुक्याला चार चकरा मारतात आणि सोडून देतात. आणि मग एक मोठा गैरसमज होतो: जातीचा दाखला नाही म्हणजे सरकारी दवाखानाही आपला नाही. हा गैरसमज आज मोडायचाय, म्हणून नीट ऐका. जमलं तर एवढाच तुकडा कापून पुढे पाठवा.

लहान मुलाची लस: जातीचा दाखला लागत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेलं मूल असलं तरी त्याला लस मिळायला हवी.

१०८ रुग्णवाहिका: कुठलाही कागद लागत नाही. फोन करा, पत्ता सांगा.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण: २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत. सिझर असो, औषधं असोत, तिथलं जेवण असो, घरी परत सोडणं असो.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे दवाखाने: १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथले उपचार सगळ्यांना मोफत आहेत.

मोठं ऑपरेशन: महात्मा फुले जन आरोग्य योजना. इथे मुख्यतः रेशनकार्ड आणि ओळखीचा पुरावा लागतो, जातीचा नाही.

जिथे पैसे खात्यात येतात, तिथे कागद लागतात. ग्रामीण भागात जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला मिळतात. मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. त्यासाठी आधार हवं, बँक खातं हवं आणि त्या त्या योजनेत बसत असल्याचा पुरावा हवा. पण पैसे अडले म्हणून उपचार अडता कामा नयेत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अंगणवाडीचंही ऐका. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये सांगितलं, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे लोकांनी मागितल्यावर तीन महिन्यांत ती द्यायची. आपल्या पिढ्यांवर चाळीस मुलं बहुतेक भरत नाहीत. पण त्याच आदेशात अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना नव्या अंगणवाड्यांत प्राधान्य द्यायलाही सांगितलंय. म्हणजे मागायला जागा आहे. मागणारा पाहिजे.

आता जरा चांगली बातमी. २ ऑक्टोबर २०२४ ला झारखंडमधल्या हजारीबागहून "धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियान" सुरू झालं. धरती आबा म्हणजे बिरसा मुंडा. पाच वर्षं, सतरा मंत्रालयं, ७९ हजार कोटींहून जास्त रक्कम, ६३ हजारांवर गावं. यात गाव निवडायची मुख्य अट आहे आदिवासी बहुसंख्येची. तिथे आपण पुन्हा बाहेर. पण दुसरी एक अट आहे: आकांक्षित जिल्ह्यातलं गाव असेल, तर तिथे ५० आदिवासी असले तरी पुरे. आणि आपला जिल्हा आकांक्षित आहे! म्हणजे आपण ज्या शिक्क्याची लाज बाळगतो, "मागास जिल्हा", त्याच शिक्क्यामुळे शंभर माणसांच्या पिढीला पहिल्यांदा दार उघडं आहे.

पण याही अभियानातली एक गोष्ट खटकते. फिरता दवाखाना कुठे द्यायचा? जिथे उपकेंद्र सपाट भागात १० किलोमीटरपेक्षा आणि डोंगरात ५ किलोमीटरपेक्षा लांब आहे तिथे. आपल्या पिढीपासून उपकेंद्र एक-दोन किलोमीटरवर. म्हणजे फिरता दवाखाना नाही. किलोमीटर मोजता येतात. ओट्यावर बसलेल्या चार माणसांसमोरून लेकरू काखेत घेऊन दवाखान्यात जायची भीती वाटते, ती कुठल्या फुटपट्टीने मोजणार?

मग चालतं काय? जे चाललंय तेही आपल्या आसपासच आहे. डॉ. बंगांच्या गडचिरोलीत गावातल्याच बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं गेलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, बालमृत्यू खूप खाली आले होते. २०११ पासून हेच काम देशभरातल्या आशांकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाने ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन बाळ बघायचं असतं. आपल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांना तयार करून "भारतवैद्य" उभ्या केल्या. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत १९९३ पासून पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त मुलांसाठी निवासी शाळा चालते. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: माणूस ओळखीचा आहे आणि तो पुन्हा येतो. धाराशिवला २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आनंद आहे. पण पिढीवरची बाई तिथवर पोचायला मधे एक ओळखीचं माणूस लागतं.

माझं म्हणणं सोपं आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्याला आणखी एका मोठ्या योजनेपेक्षा एका यादीची गरज जास्त आहे. प्रत्येक पिढी, घरं किती, पाच वर्षांखालची मुलं किती, गरोदर बाया किती, लस किती जणांची झाली. गावच्या आकड्यात मिसळलेली नको, वेगळी लिहिलेली. आणि शक्य तिथे पिढीवरचीच एखादी शिकलेली पोरगी आशाच्या कामात सोबत. यादी केली की कोण राहिलं ते दिसतं. दिसलं की टाळता येत नाही.

आता तुम्ही काय करू शकता? तुमच्या हातात फोन आहे, म्हणून सांगते. पहिली सूचना, पिढीवर जाऊन रील काढू नका. तिथली माणसं तुमचा कंटेंट नाहीत. त्यापेक्षा ग्रामसभेत एक प्रश्न विचारा: "आपल्या आशाताईंच्या यादीत पिढी आहे का? आरोग्य आणि पोषण दिवस पिढीवर कधी झाला होता?" गावात आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेची समिती असते, तिला दर वर्षी थोडा निधी येतो. तो कशावर गेला ते विचारा. धरती आबाच्या यादीत आपलं गाव आहे का, हे पंचायत समितीत विचारा. आणि कुणाचं आधार किंवा रेशनकार्ड अडलं असेल, तर तो ऑनलाइन अर्ज भरायला तुम्हाला अर्धा तास लागतो. त्यांचे दोन दिवस आणि दोन दिवसांची मजुरी जाते.

परंड्याच्या मित्रा, तुझा मेसेज वाचूनच हा भाग झाला, त्याबद्दल आभार. तुझ्या गावाच्या आसपास पिढी आहे का, ते आता बघशील. बाकीच्यांनीही आपापल्या गावच्या आशाताईंना विचारा आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा. आलेल्या उत्तरांवर पुढचा भाग करू.

तोवर काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात!